होशेयाचं वाक्य येशूला कसं लागू झालं? आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांचं यहुदी शास्त्रवाचन

प्रश्न थोडक्यात असा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘संदेष्ट्याच्या द्वारे जे सांगितलं होतं ते पूर्ण व्हावं म्हणून हे झालं’ अशा अर्थाची वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. पण ज्या संदेष्ट्याचा हवाला दिला आहे त्याचं पुस्तक उघडलं, तर तिथे विषय भलताच निघतो. मग पहिल्या ख्रिस्ती लेखकांनी संदर्भ तोडून वचनं आपल्याकडे ओढली का? आणि त्या काळचे यहुदी यावर काय म्हणत होते?

मी बरीच वर्षं जुना करार, म्हणजे बायबलमधला यहुदी शास्त्राचा भाग, शिकवतो आहे. हा प्रश्न वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि विचारणारा बहुधा बिचकत विचारतो. बिचकायचं काही कारण नाही. हा प्रश्न दुसऱ्या शतकातही उघडपणे विचारला गेला होता आणि एका ख्रिस्ती लेखकानेच तो सविस्तर लिहून ठेवला आहे. त्याच्याकडे येऊच.

आधी दिशा समजून घ्या, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. आपण असं धरून चालतो, की पहिल्या शतकातल्या यहुद्यांकडे मशीहाच्या, म्हणजे देवाने पाठवायच्या अभिषिक्त राजाच्या, खुणांची एक ठरलेली यादी होती आणि ख्रिस्ती लोकांनी त्या यादीवर येशूच्या आयुष्यातली एकेक घटना ताडून पाहिली. असं काही घडलं नाही. आधी घडलं ते वधस्तंभावरचं मरण. मग तो उठला आहे ही शिष्यांची खात्री. आणि ती खात्री घेऊन ते शास्त्राकडे परत गेले. योहानाचं शुभवर्तमान हे अगदी मोकळेपणाने सांगतं. गाढवाच्या शिंगरावरून येशू यरुशलेमात शिरला त्या प्रसंगी (अध्याय १२, ओवी १६) योहान लिहितो, की शिष्यांना हे तेव्हा कळलंच नाही. येशूचा गौरव झाल्यावर त्यांना आठवलं, की हे त्याच्याविषयी लिहिलेलं होतं. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याचंही तेच. इ.स. ५४-५५च्या सुमारास करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आपल्याला आधीच्यांकडून जे मिळालं ते सांगताना तो म्हणतो, की ख्रिस्त ‘शास्त्राप्रमाणे’ मरण पावला आणि ‘शास्त्राप्रमाणे’ तिसऱ्या दिवशी उठवला गेला. कुठलं शास्त्रवचन, हे तो सांगत नाही. खात्री पक्की होती; कुठकुठल्या ओळीत ती दिसते याचा शोध त्यापुढची शंभर-दीडशे वर्षं चालू राहिला.

असा शोध घेणं त्यांना भागच होतं. यहुद्यांची मशीहाची कल्पना एकसारखी नव्हती, पण तिचा कणा दावीद राजाच्या घराण्याशी जोडलेला होता. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, नाथान संदेष्टा दावीदाला सांगतो की तुझी गादी सर्वकाळ टिकेल. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं आणि गादी संपली. वचन मात्र शास्त्रात तसंच राहिलं. गादी नाही आणि वचन आहे, या पेचातूनच येणाऱ्या राजाची वाट पाहणं सुरू झालं. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पेने यरुशलेम घेतल्यावर रचलेल्या ‘शलमोनाची स्तोत्रे’ या यहुदी संग्रहातलं सतरावं स्तोत्र वाचा. तिथला दावीदपुत्र परराष्ट्रीयांना यरुशलेमातून हाकलून देतो. असा राजा अपेक्षित असताना रोमनांनी वधस्तंभावर मारलेल्या माणसाला मशीहा म्हणायचं, तर ‘जो झाडावर टांगला जातो तो शापित’ हे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २१व्या अध्यायातलं वचन समोर उभं राहणारच. पौलाने गलतीकरांच्या पत्रात ते टाळलं नाही, उलट त्यालाच हात घातला.

आता पद्धतीबद्दल. ‘संदर्भ तोडला’ हा आरोप आपण आजच्या सवयीने करतो. उताऱ्याचा अर्थ म्हणजे लेखकाला त्याच्या काळात अभिप्रेत होता तो, अशी आपली सवय. त्या काळचे यहुदी वाचक ही ऐतिहासिक बाजू ओळखत होते, पण तिथे थांबत नव्हते. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये जी हस्तलिखितं सापडली, त्यांनी हे डोळ्यांसमोर आणलं. तिथे हबक्कूक संदेष्ट्यावरचं एक भाष्य आहे. हबक्कूक बोलतो खास्दी लोकांच्या स्वारीबद्दल. भाष्यकार ओळीमागून ओळ घेतो आणि ती आपल्या काळातल्या ‘कित्तीम’ना, म्हणजे रोमनांना, लावत जातो. एका ठिकाणी तो स्पष्ट म्हणतो, की देवाने हबक्कूकाला शेवटच्या पिढीवर काय येणार ते लिहायला सांगितलं, पण काळ पुरा होणं म्हणजे काय हे त्याला कळवलं नाही. ते रहस्य आमच्या ‘धार्मिकतेच्या शिक्षकाला’ कळवलं. आता पेत्राच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय काढा. संदेष्टे स्वतःच शोध घेत होते, की हे कोणाबद्दल आणि कोणत्या काळाबद्दल आहे. ते त्यांच्यासाठी नव्हतं, तुमच्यासाठी होतं, असं तिथे लिहिलं आहे. दोन वेगळे समाज, दोन वेगळे गुरू, आणि शास्त्राकडे बघण्याची नजर एकच. ख्रिस्ती लोकांनी ही रीत बाहेरून आणली नव्हती. ती त्यांच्या घरचीच होती, कारण पहिले ख्रिस्ती यहुदीच होते.

एकाच वचनाचा प्रवास पाहिला की हे नीट ध्यानात येतं. गणना २४:१७ मध्ये बलाम हा द्रष्टा म्हणतो, ‘याकोबातून एक तारा उगवेल, इस्राएलातून एक राजदंड निघेल.’ कुमरानशी जोडलेल्या ‘दमास्कस नियमग्रंथा’त हा तारा म्हणजे नियमशास्त्राचा अर्थ सांगणारा आणि राजदंड म्हणजे समाजाचा अधिपती, अशी दोन माणसं केली आहेत. इ.स. १३२ ते १३५ या काळात रोमविरुद्ध जे बंड झालं, त्याच्या नेत्याला ‘बार कोखबा’, ताऱ्याचा पुत्र, म्हटलं गेलं ते याच वचनावरून. यरुशलेमी तालमूद या रब्बींच्या, म्हणजे यहुदी शास्त्रपंडितांच्या, ग्रंथानुसार थोर रब्बी अकीवा यांनी त्याला मशीहा राजा म्हणून घोषित केलं, तेव्हा दुसरे एक रब्बी त्यांना म्हणाले, की अकीवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल तरी दावीदपुत्र आलेला नसेल. आणि त्याच शतकात जस्टिन हा ख्रिस्ती लेखक हाच तारा येशूला लावतो. म्हणजे मशीहाविषयक वाचन ही ख्रिस्ती लोकांची एकट्यांची गोष्ट नव्हती. वाद होता तो ‘कोण’ यावर. इतिहासकार योसेफस हा तर स्वतः यहुदी. त्याने, यहुद्यांच्या देशातून जगाचा अधिपती निघेल असं जे वचन युद्धकाळात लोकांच्या तोंडी होतं, ते चक्क रोमन सम्राट वेस्पासियनला लावलं.

जस्टिनच्या त्या उताऱ्यात आणखी एक बारकावा आहे. ताऱ्याचं वचन आणि यशयाच्या अकराव्या अध्यायातलं इशायाच्या, म्हणजे दावीदाच्या वडिलांच्या, मुळाचं वचन त्याने एकत्र करून दोन्ही यशयाच्या नावावर घातली आहेत. मार्कच्या अगदी सुरुवातीला मलाखीचे शब्द यशयाच्या नावावर आहेत. मत्तयाच्या २७व्या अध्यायात जखऱ्याचं तीस रुप्यांचं वचन यिर्मयाच्या नावावर आहे. यावरून अभ्यासकांनी असा अंदाज बांधला, की आरंभीच्या मंडळ्यांमध्ये निवडक वचनांचे छोटे संग्रह फिरत असावेत. पूर्ण गुंडाळ्या महाग आणि अवजड. उपदेशकाच्या हाती असे संग्रह असतील तर नावांची अदलाबदल सहज होऊ शकते. कुमरानला असा एक यहुदी संग्रह मिळालाच आहे, आणि त्यातही ताऱ्याचं वचन आहे. ख्रिस्ती बाजूने तिसऱ्या शतकाच्या मध्याला कार्थेजच्या सिप्रियनने केलेला मोठा संग्रह आपल्याकडे आहे. मला हा अंदाज पटतो. पण सगळीच अवतरणं अशी आली असं मी म्हणणार नाही, कारण काही ठिकाणी लेखकाच्या डोळ्यांसमोर पूर्ण उतारा उघडा असल्याचं स्पष्ट दिसतं.

त्यातलंच पहिलं उदाहरण म्हणजे ज्यावर सर्वांत जास्त टीका होते ते. मत्तय २:१५. योसेफ बाळ येशूला घेऊन मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळतो आणि हेरोदाच्या मरणापर्यंत तिथे राहतो. मत्तय म्हणतो, ‘मी आपल्या पुत्राला मिसरातून बोलावलं’ हे वचन यामुळे पूर्ण झालं. होशेयाचा ११वा अध्याय काढा. पूर्ण ओवी अशी आहे: इस्राएल लहान होता तेव्हा मी त्याच्यावर प्रेम केलं आणि आपल्या पुत्राला मिसरातून बोलावलं. हे भविष्य नाहीच, भूतकाळाची आठवण आहे. पुत्र म्हणजे इस्राएल राष्ट्र. आणि पुढचीच ओवी म्हणते, की त्यांना जितकं बोलावलं तितके ते दूर गेले, बआल दैवतांना यज्ञ करू लागले. ही ओवी येशूला लावताच येत नाही. मग मत्तयाला हे दिसलं नाही?

दिसलं होतं असं माझं ठाम मत आहे, कारण तो पुढे काय करतो ते पाहा. मिसरातून परत. मग यार्देनेच्या पाण्यात बाप्तिस्मा. मग रानात चाळीस दिवस. तिथे सैतान तीनदा मोहात घालतो आणि येशू तीनही वेळा अनुवादाच्या सहाव्या ते आठव्या अध्यायांतून उत्तर देतो. हे अध्याय म्हणजे इस्राएल चाळीस वर्षं रानात काय काय चुकला याची मोशेने करून दिलेली आठवण. मग डोंगरावर बसून नियमशास्त्राची शिकवण. मत्तय इस्राएलाची सगळी वाट येशूला पुन्हा चालायला लावतो आहे, आणि जिथे राष्ट्र घसरलं तिथे हा पुत्र उभा राहिला असं दाखवतो आहे. होशेयाची दुसरी ओवी म्हणूनच महत्त्वाची. तिच्यामुळेच पहिली पुन्हा घडण्याची गरज उभी राहते. ‘पूर्ण झालं’ याचा अर्थ इथे ‘भाकीत खरं ठरलं’ असा नसून ‘जे अर्धं राहिलं होतं ते भरून निघालं’ असा आहे. हे वाचन तुम्हाला पटो वा न पटो, पण याला फसवणूक म्हणणं अन्यायाचं आहे.

यशया ७:१४ बद्दल मात्र मला एवढं सोपं उत्तर देता येत नाही. इथली चर्चा बहुतेक वेळा ‘कुमारी’ की ‘तरुण स्त्री’ या एका शब्दावर अडकून बसते. मला त्याहून मोठी अडचण वेळेची वाटते. इ.स.पू. ७३४च्या आसपासची गोष्ट. अरामाचा राजा आणि उत्तरेकडच्या इस्राएलाचा राजा मिळून यरुशलेमावर चालून येत आहेत. आहाज राजा घाबरला आहे. यशया त्याला चिन्ह देतो: मूल जन्मेल, आणि बरंवाईट कळण्याच्या वयाचं होण्याआधी या दोन राजांचे देश ओसाड होतील. सव्वासातशे वर्षांनी होणारा जन्म आहाजाला धीर द्यायला काय कामाचा? ख्रिस्ती भाष्यकारांनी यावर नाना उपाय काढले. मला त्यातल्या त्यात पटतं ते असं, की मत्तयाने सातवा अध्याय सुटा वाचलेला नाही. नवव्या अध्यायातलं ‘आम्हांसाठी बाळ जन्मलं आहे’ आणि अकराव्यातला इशायाचा फुटवा यांच्यासकट वाचला आहे. चौथ्या अध्यायात तो यशया ९ मधले जबुलून-नफताली प्रांतांचे शब्द उद्धृत करतोच. तरीही सातव्या अध्यायाचा आहाजाच्या काळातला अर्थ कायम राहतो, आणि तो मुलांना शिकवताना मी झाकून ठेवत नाही.

बाविसाव्या स्तोत्राकडे येऊ. वधस्तंभाच्या वर्णनावर या स्तोत्राची जेवढी छाया आहे तेवढी दुसऱ्या कुठल्याच उताऱ्याची नाही. मार्कच्या १५व्या अध्यायात सैनिक चिठ्ठ्या टाकून कपडे वाटून घेतात, जाणारे-येणारे डोकी हालवून थट्टा करतात, आणि शेवटी येशू स्तोत्राची पहिलीच ओळ मोठ्याने म्हणतो, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ गंमत अशी की मार्क इथे एकदाही ‘पूर्ण झालं’ म्हणत नाही. हवाला न देता तो स्तोत्राच्या शब्दांतच कथा सांगतो. स्तोत्र माहीत असलेल्याला ते ऐकू येतं, नसलेल्याला नुसती कथा ऐकू येते. आणि स्तोत्र विलापावर संपत नाही. देवाने दीनाचं दुःख तुच्छ लेखलं नाही, पृथ्वीच्या सीमांपर्यंतचे लोक परमेश्वराकडे वळतील, असा त्याचा शेवट आहे. मार्कमध्ये येशूने प्राण सोडल्यावर ‘खरोखर हा देवाचा पुत्र होता’ असं म्हणणारा एक रोमन शताधिपती असतो, परराष्ट्रीय. मला हा योगायोग वाटत नाही.

योहानाची तऱ्हा निराळी. स्तोत्रात एकच गोष्ट दोन चरणांत सांगितली आहे: त्यांनी माझी वस्त्रं वाटून घेतली, माझ्या पेहरावावर चिठ्ठ्या टाकल्या. इब्री काव्याची ही नेहमीची रचना. योहान मात्र दोन चरणांचे दोन प्रसंग करतो. वस्त्रांचे चार वाटे, प्रत्येक सैनिकाला एक. आणि अंगरखा वेगळा, वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला, म्हणून तो न फाडता त्यावर चिठ्ठी. मत्तयही असंच करतो. जखऱ्या ९:९ मध्ये राजा ‘गाढवावर, गाढवीच्या शिंगरावर’ बसून येतो, तिथे प्राणी एकच आहे. मत्तयाच्या २१व्या अध्यायात दोन प्राणी आणले जातात. यावरून त्यांना काव्य कळत नव्हतं असं म्हणायची घाई करू नका. शास्त्रात एकही शब्द फुकट नाही, दोनदा सांगितलं तर दोन गोष्टी असणार, हे गृहीत धरून वाचणं रब्बींच्या भाष्यांतही पदोपदी दिसतं. काव्याचे जाणकार असूनही ते असं वाचत, कारण त्यांच्या लेखी हे माणसाचं काव्य नव्हतं.

याच स्तोत्रातली एक ओळ आज ख्रिस्ती प्रवचनांत सर्वांत जास्त ऐकू येते: ‘त्यांनी माझे हात व माझे पाय विंधले.’ नव्या करारात ती कुठेही उद्धृत केलेली नाही. चारही शुभवर्तमानकारांनी ती सोडली आहे. ती पुराव्यादाखल पुढे आणली जस्टिनने, दुसऱ्या शतकात, ग्रीक भाषांतराच्या आधाराने. प्रचलित इब्री पाठात तिथे ‘सिंहाप्रमाणे’ असं वाचलं जातं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाद घालताना लोक सगळ्यात कच्च्या दुव्यावरच सगळा भार टाकतात.

जस्टिन हा शोमरोनातल्या फ्लाविया नेआपोलिसचा, म्हणजे आजच्या नाब्लुसचा. तत्त्वज्ञानाकडून ख्रिस्ती विश्वासाकडे आलेला. १६५च्या सुमारास रोममध्ये त्याला मृत्युदंड झाला. त्याआधी त्याने ‘त्रिफोशी संवाद’ लिहिला. त्रिफो हा बार कोखबाच्या युद्धातून निसटून ग्रीसमध्ये राहणारा यहुदी. लेखणी जस्टिनच्या हातात होती, त्यामुळे जिंकतो जस्टिनच. पण त्रिफोचे आक्षेप इतके धारदार आहेत, की खऱ्या वादांचा अनुभव त्यामागे असलाच पाहिजे. त्रिफो म्हणतो, तुम्ही ऐकीव गोष्टीवर विसंबून स्वतःसाठी एक ख्रिस्त घडवला आहे. एलीया संदेष्टा येऊन अभिषेक करीपर्यंत मशीहाला कुणी ओळखणार नाही. यशया ७ आहाजाचा मुलगा हिज्कीया राजा याच्याबद्दल आहे. बहात्तरावं स्तोत्र शलमोनाबद्दल आहे असं यहुदी म्हणत, ही नोंदही जस्टिनच देतो. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्रिफोची एक कबुली. मशीहा दुःख सोसेल, मेंढरासारखा नेला जाईल, हे शास्त्रावरून आम्हाला मान्य आहे. पण शापित अशा वधस्तंभाच्या मरणाने तो मरेल, हे सिद्ध करून दाखव.

जस्टिनची उत्तरं सगळी एका दर्जाची नाहीत. त्याचा उत्तम मुद्दा म्हणजे दोन आगमनं: पहिलं दीनावस्थेत, दुसरं गौरवात. दानीएल ७ मधला मेघांवर येणारा मनुष्यपुत्र आणि यशया ५३ मधला तुच्छ लेखलेला सेवक, ही दोन चित्रं एका व्यक्तीत बसवायला त्याने लेवीयमधल्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचे दोन बकरे साक्षीला घेतले. हिज्कीयाच्या मुद्द्यावर तो तारखांचं उत्तर देऊ शकला असता: आहाजाने सोळा वर्षं राज्य केलं आणि हिज्कीया पंचविसाव्या वर्षी गादीवर आला, म्हणजे आहाज राजा झाला तेव्हा तो नऊ वर्षांचा होताच. तसं न करता जस्टिन दमास्कसची संपत्ती आणि पूर्वेकडचे मागी लोक अशा लांबच्या वाटेने जातो. आणि शहाण्णवाव्या स्तोत्राबाबत तो सपशेल चुकतो. ‘परमेश्वराने लाकडावरून राज्य केलं’ यातला ‘लाकडावरून’ हा शब्द यहुद्यांनी काढून टाकला असा आरोप तो करतो. इब्री पाठात तो शब्द कधीच नव्हता. ती ख्रिस्ती हातांनी घातलेली भर आहे. जस्टिनने ती प्रामाणिकपणे मूळ समजली असेल. पण आपल्याच समाजाची भर दुसऱ्याची चोरी म्हणून मांडली गेली, हे नोंदवायला हवं.

मग कुठलं वाचन भक्कम आणि कुठलं ओढूनताणून, हे ठरवायचं कसं? मी विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगतो: उद्धृत केलेल्या ओळीबरोबर पूर्ण उतारा येतो का, आणि उताऱ्यातच काही मोकळी जागा आहे का जिथून हे वाचन सुरू होतं. पेन्टेकॉस्टच्या दिवशीचं पेत्राचं भाषण (प्रेषितांची कृत्ये, अध्याय २) घ्या. सोळाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो, तू आपल्या पवित्राला कुजू देणार नाहीस. पेत्र म्हणतो, दावीद तर मेला, पुरला गेला, त्याची कबर आजपर्यंत आपल्यात आहे; मग हे बोलणं त्याच्याविषयी कसं असेल? इब्री लोकांस पत्र तर यात पारंगत आहे. लेवीच्या याजकपणानेच परिपूर्णता आली असती, तर ११०व्या स्तोत्रात मलकीसदेकाच्या, म्हणजे अब्राहामाच्या काळच्या याजक-राजाच्या, परंपरेतला दुसरा याजक कशाला हवा होता? जुना करार निर्दोष असता तर यिर्मयाच्या ३१व्या अध्यायात नव्या कराराचं वचन का आलं असतं? हे प्रश्न खुद्द शास्त्राच्या पोटातले आहेत. उत्तर मान्य नसणारा यहुदी वाचकही प्रश्न नाकारू शकत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला बर्णबाच्या नावावर चालणारं पत्र आहे. उत्पत्ती १४ मध्ये अब्राहामाची ३१८ माणसं आहेत. हा लेखक म्हणतो, ग्रीक आकडेपद्धतीत १८ म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं, आणि ३०० चं अक्षर वधस्तंभाच्या आकाराचं. अब्राहामाची गोष्ट इब्री, आकड्यांची अक्षरं ग्रीक! इथे उतारा सोबत आलेलाच नाही, फक्त आकडा आला आहे. आणि हाच लेखक पुढे म्हणतो, की मोशेने पाट्या फोडल्या तेव्हाच यहुद्यांनी करार गमावला. उताऱ्याशी नातं तुटलं की ज्यांच्याकडून तो उतारा मिळाला त्यांच्याशीही नातं तुटतं, हे मला वारंवार दिसलं आहे. सार्दीसचा मेलितो, १६०-१७०च्या सुमाराचा, हा खरा प्रतिभावान. वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचं, कोकरू आणि ख्रिस्त यांवरचं त्याचं पास्काचं प्रवचन लयीने भारून टाकतं. पण त्याच प्रवचनात देवाला ठार मारल्याचा आरोप तो इस्राएलावर ठेवतो. यहुदी संदेष्टे स्वतःच्या लोकांना खडसावत ते घरातलं बोलणं होतं. तेच शब्द बाहेरच्याने उचलले की हत्यार होतात. पुढच्या शतकांत यहुद्यांनी याची जी किंमत मोजली ती पाहता, हा भाग शिकवताना मी कधी घाईने पुढे सरकत नाही.

तरीही ही सगळी पद्धतच टाकून द्यावी असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण मार्किअन. १४४च्या सुमारास रोमच्या मंडळीने बाहेर काढलेला हा माणूस यहुदी शास्त्र अक्षरशः वाचत होता. त्याचं म्हणणं, यहुद्यांचा मशीहा अजून यायचा आहे, तो त्यांचं राज्य उभारील. येशूचा त्याच्याशी संबंध नाही, येशू दुसऱ्याच देवाकडून आला. म्हणून जुना करार ख्रिस्ती लोकांनी सोडून द्यावा. आयरेनियस आणि तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकांनी मार्किअनला जे उत्तर दिलं त्याचा मोठा आधार हे मशीहाविषयक वाचनच होतं. तर्तुलियनच्या मार्किअनविरोधी पाच पुस्तकांपैकी तिसरं याच विषयाला वाहिलेलं आहे. हे वाचन नसतं तर ख्रिस्ती बायबलमध्ये यशया आणि स्तोत्रं उरली नसती. १६१६ साली गोव्यात राशोल इथे छापलेल्या फादर स्टीफन्सच्या मराठी ‘ख्रिस्तपुराणा’त ख्रिस्तचरित्राआधी जुन्या कराराचं अख्खं ‘पैलें पुराण’ येतं, तेही याच परंपरेमुळे.

मंडळीच्या आतही सगळे एका सुरात बोलत नव्हते. अंत्युखियाच्या परंपरेतला मोप्सुएस्त्याचा थिओडोर, मृत्यू ४२८, याने स्तोत्रसंहितेवर भाष्य करताना फक्त चार स्तोत्रं थेट ख्रिस्ताविषयीची मानली: २, ८, ४५ आणि ११०. बाविसावं त्याच्या यादीत नाही. ५५३च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याला धिक्कारलं. त्यामागे ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचा मोठा वाद होता, पण त्याची भाष्यंही त्यात भरडली गेली आणि मूळ ग्रीकमधली बरीचशी नष्ट झाली. माझ्या मते थिओडोरने हात जरा जास्तच आखडता घेतला. तरी आधी स्तोत्रकर्त्याचा काळ पाहा, हा त्याचा आग्रह योग्यच होता.

प्रश्नाचा शेवटचा भाग, यहुदी काय म्हणत होते. त्रिफोचं ऐकलंच. ख्रिस्ती विद्वान ओरिजेनने २४८च्या सुमारास लिहिलेल्या ‘केल्ससविरुद्ध’ या ग्रंथात आपल्या एका वादाची आठवण दिली आहे. त्याच्याशी वाद घालणाऱ्या यहुदी विद्वानांनी सांगितलं, की यशया ५३ मधला सेवक म्हणजे अख्खं यहुदी राष्ट्र, पांगलेलं आणि मार खाल्लेलं. या अर्थाला मजबूत आधार आहे; यशया ४९:३ मध्ये देव म्हणतो, ‘तू माझा सेवक इस्राएल आहेस.’ पण यशयाच्या अरामी तारगुमात, म्हणजे यहुदी भाषांतरात, ५२:१३ चा सेवक मशीहाच आहे, फक्त दुःख त्याच्यावरून उचलून इतरांवर टाकलेलं आहे. प्रेषितांच्या कृत्यांतल्या ८व्या अध्यायात रथात बसून हाच उतारा वाचणारा कूशी षंढ फिलिप्पाला विचारतो, ‘संदेष्टा हे कोणाविषयी म्हणतो? स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी?’ यहुदी आणि ख्रिस्ती दोघांचीही भाष्यं या एका प्रश्नाभोवतीच फिरली आहेत.

स्वतः पडताळून पाहायचं असेल तर एकच स्तोत्र घ्या, ११०वं. आधी ते एकटं वाचा, यरुशलेमात राजा गादीवर बसतो आहे असं समजून. मग मार्क १२:३५-३७, मग प्रेषितांची कृत्ये २, मग इब्री लोकांस पत्र ५ ते ७. मार्कमध्ये पहिल्या ओवीवर प्रश्न आहे, कृत्यांत तिचं उत्तर आहे, आणि इब्रीकराने चौथी ओवी उचलून त्यावर पूर्ण याजकपण उभं केलं आहे. शेवटी त्रिफोशी संवादाचा ३३वा अध्याय, जिथे हे स्तोत्र हिज्कीयाला लावणाऱ्यांना जस्टिन उत्तर देतो: हिज्कीया याजक नव्हता, मग चौथ्या ओवीचं काय? पहिल्या वाचनात तुम्ही चौथ्या ओवीपाशी अडला होतात का, तेवढं टिपून ठेवा.